अंड्यावरची वीण

तांब्याची तार, पॉइंट तीन मिलिमीटर,
केसाहून जाड, रागाहून बारीक.
मी ती पेन्सिलीभोवती गुंडाळते, सोडवते,
पुन्हा गुंडाळते.
बाहेर चादत्साच्या छपरांवरून
एप्रिलचा बर्फ सुटून पडतोय, धप्प,
जणू वरच्या मजल्यावर कुणी गाद्या टाकतंय.

आजोबा डोंगर उतरून जायचे,
पाठीवर तारेचं वेटोळं,
गावोगाव तडकलेली मडकी सांधत.
भेगेवर जाळी घट्ट बसली
की मडकं म्हणे आधीपेक्षा जास्त दूध धरायचं.
थाप असणार.
पण परमुलखात पोट भरायचं तर थापही जवळ लागते.
मी मडकी सांधत नाही.
मी दागिने करते, म्हणजे
ज्याला तडा गेलेला नाही त्याला जाळी घालते.

पहिला हार गळ्यात बसेना,
कुंपणासारखा उभाच राहिला.
दुसऱ्यात मणी ओवले, याब्लोनेत्सचे,
मुगाएवढे, काचेचे, कागदी पुडीतून आलेले;
भोकातून तार दोनदा जायची,
आणि विणीला ती तिसऱ्यांदा हवी होती.
एकेक मणी टचकन फुटत गेला.
अजून पायाला लागतात कधी कधी,
हिरवे, पलंगाखाली.
त्यानंतरच्या बांगडीबद्दल मी बोलणार नाही.

तार हट्टी असते.
वाकवाल तितकी ताठ होत जाते
आणि मग एकदा, आवाजही न करता, तुटते.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, खरं आहे.
पण तांबं विस्तवात धरलं
की पीळ राहतो, ताठा जातो.
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं,
गॅसच्या शेगडीपाशी,
चिमट्यातल्या लालभडक वेटोळ्याकडे बघताना.
त्याच वेळी स्वतःबद्दलही थोडं कळलं.
ते राहू दे.

मग फ्रिज उघडला.
लाव्याची सहा अंडी, ठिपक्यांची.
टाचणीनं भोक पाडून आतलं फुंकून काढलं
आणि कवचावर मऊ तार विणत गेले,
टाक्यात टाका, फेरीवर फेरी,
श्वास अर्धा नाकात, अर्धा बोटांत.
पाच अंडी अंगठ्याखाली चुरली.
सहाव्याची वीण टोकापर्यंत आली
तेव्हा तोंड उघडं ठेवून
मी ते मुद्दाम फोडलं.
ठिपके एकेक करून चिमटीनं बाहेर काढले.
राहिली अंड्याची नुसती आठवण, तांब्याची,
हलकी, पोकळ, हट्ट सोडलेली.
आत एक निळा मणी टाकला, तोंड शिवलं.
कानाजवळ हलवून पाहिलं:
खुळ्ळ.
हाताच्या अंतरावर काहीच ऐकू येईना.

ओतिलिया स्कालितेची बस चालवते.
फेऱ्यांच्या मधल्या वेळात कॉफीला आली,
टेबलावरचं उचललं, म्हणाली, दुसरं कुठंय?
म्हटलं, दुसरं झालंच नाही.
तिनं ते डाव्या कानात घातलं.
डावा कान लहानपणी गालगुंडात गेला तिचा.
अगं, त्या कानाला ऐकू येत नाही, मी म्हटलं.
म्हणूनच, ती म्हणाली,
तीस वर्षं बसून खातोय नुसता, काहीतरी काम दे त्याला.

गुरुवारी मी तिच्याच बसमध्ये, मागच्या बाकावर.
लाकडाच्या वखारीपाशी रस्ता एकदम वळतो.
तिचं डोकं किंचित कललं,
आणि खांदा, डावा,
गुदगुल्या झाल्यासारखा वर गेला.
ऐकू आलं नसणार.
कातडीला कळलं असणार, हाडाला,
मणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेल्याचं.

पैसे नाही दिले तिनं.
अंडी दिली, घरच्या कोंबड्यांची, तीस.
आता स्वयंपाकघरात माझे साचे रांगेत उभे आहेत,
चांगले मोठे.
कुणाच्या कानाला पेलतील देव जाणे.
तार तापत ठेवली आहे.